कोलेस्टेरॉल पेशीच्या पटलातही असतं, ते पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत कोलेस्टेरॉलवर अख्खं पान आलं होतं ते नीट वाचलं. चालायला जा, तळलेलं कमी करा, तंबाखू-सिगारेट सोडा, हे सगळं बरोबरच लिहिलंय, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण एवढ्या मोठ्या पानात कोलेस्टेरॉल आपल्या शरीरात मुळात असतंच कशाला याची एक ओळ नाही, उलट खालच्या चौकटीत ठळक अक्षरात 'शरीरातलं विष' असं छापलंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लिपिड प्रोफाइलचे रिपोर्ट रोज हातातून जातात आणि ते न्यायला येणाऱ्या लोकांचे चेहरेही रोज बघते, त्यामुळे पेपरात असं काही आलं की पुढे काय होतं ते आम्हाला काउंटरवर लगेच कळतं. म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण पेशीपटलाचा भाग तेवढा ठेवा.

काउंटरवर काय होतं तर, एक काका आले, टोटल कोलेस्टेरॉल २१२, म्हणजे जरासं वर, बाकी शुगर बीपी सगळं ठीक, आणि रिपोर्ट हातात धरून विचारतात, ताई हे झिरोवर आणायचं तर अजून काय बंद करू? तूप अंडी दूध सगळं आधीच बंद केलेलं, चेहरा उतरलेला. दुसरी एक आई, तिच्या दीड वर्षाच्या मुलाला ती साय पूर्ण काढलेलं पातळ दूध देते कारण आजोबांची अँजिओप्लास्टी झालीय आणि 'आमच्याकडे कोलेस्टेरॉल आहे'. अहो, कोलेस्टेरॉल सगळ्यांकडेच आहे! ते झिरो झालं तर माणूस जगणारच नाही. आणि दोन वर्षांखालच्या मुलाच्या आहारातले मेद कमी करू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, मेंदूची वाढ जोरात चालू असते तेव्हा, शिवाय आईच्या दुधातसुद्धा कोलेस्टेरॉल असतंच. हे त्या बाईंना पेपरातून कळायला हवं होतं, त्यांना कळलं ते 'विष'.

आता मुख्य गोष्ट. आपल्या प्रत्येक पेशीभोवती जे पटल असतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला निवडक्षम पारपटल म्हणून एका ओळीत उरकतात, ते मुख्यतः मेद आणि प्रथिनं यांचं बनलेलं असतं, वर थोडी साखर चिकटलेली. आणि माणसाच्या पेशीच्या बाहेरच्या पटलात त्या मेदातला मोठा वाटा कोलेस्टेरॉलचा असतो. तांबड्या रक्तपेशीचंच घ्या, तिच्या पटलात फॉस्फोलिपिडचे, म्हणजे पटलातल्या मुख्य मेदाचे, १० रेणू असतील तर कोलेस्टेरॉलचे ८-९ असतात, जवळपास बरोबरीने. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल असं पेशींच्या पटलांत बसलेलं असतं. आपण रिपोर्टमध्ये मोजतो ते फक्त त्या घडीला रक्तातून इकडून तिकडे चाललेलं, एकूणातला छोटा हिस्सा. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शरीरातलं साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कोलेस्टेरॉल एकट्या मेंदूत आहे, कारण मज्जातंतूंभोवती जे मायलिनचं वेष्टन असतं ते म्हणजे पेशीपटलाचेच वेढ्यावर वेढे. त्या मायलिनमधलं पाणी सोडलं तर ७० ते ८५ टक्के मेदच असतो. आणि गंमत म्हणजे मेंदू हे कोलेस्टेरॉल रक्तातून घेतच नाही, स्वतःचं स्वतः बनवतो.

हे पटल किती पातळ असतं ते सांगते. तुमच्या पेपरच्या एका कागदाच्या जाडीत अशी सुमारे १० हजार पटलं एकावर एक बसतील. त्यात मेदाचे रेणू दोन थरांत उभे असतात, प्रत्येक रेणूचं एक डोकं आणि दोन शेपट्या, डोक्याला पाणी आवडतं शेपट्यांना चालत नाही, म्हणून डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे आणि शेपट्या मधे एकमेकींकडे तोंड करून. कोणी रचायला लागत नाही, पाण्यात टाकलं की आपोआप तशी रचना होते. या शेपट्यांच्या मधे कोलेस्टेरॉल शिरून बसतं, त्याचं छोटंसं डोकं पाण्याच्या बाजूला आणि चार कड्यांचं ताठ अंग शेपट्यांच्या शेजारी.

ते तिथे करतं काय? खोबरेल तेलाची बाटली थंडीत आमच्या नाशिकला पार घट्ट होते, उन्हात ठेवल्याशिवाय निघत नाही, शेजारची करडईच्या तेलाची बाटली मात्र वाहती असते, हे सगळ्यांनी पाहिलंय. खोबरेलातल्या मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून दाटीने बसतात, करडईच्या शेपट्यांना बाक असतो त्यामुळे दाटी होत नाही. पटलातही दोन्ही प्रकारच्या शेपट्या असतात. कोलेस्टेरॉल मधे असलं की त्या फार सैल सुटत नाहीत आणि फार दाटही बसत नाहीत, म्हणजे पटल उष्णतेत विस्कळीत होत नाही आणि गारठ्यात गोठत नाही. शिवाय छोटे छोटे रेणू उगाच आरपार झिरपत नाहीत. प्राण्यांच्या पेशींना झाडांसारखी बाहेरून भिंत नसते, जे काय आहे ते हे पटलच, म्हणून ते वाहतं आणि तरी मजबूत असावं लागतं, आणि तो तोल बऱ्याच अंशी कोलेस्टेरॉल सांभाळतं.

वाहतं म्हणजे खरोखर वाहतं बरं का. १९७० साली फ्राय आणि एडिडिन या दोघांनी अमेरिकेत उंदराची पेशी आणि माणसाची पेशी जोडून एक केली, दोन्हींच्या पटलांवरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगाचे चमकणारे टॅग लावले. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी अर्धी लाल, आणि ३७ डिग्रीला ४० मिनिटांत दोन्ही रंग पार मिसळून गेले. गार केलं तर मिसळत नव्हते. मग १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी सगळं एकत्र मांडून सांगितलं की पटल म्हणजे मेदाचा वाहता थर आणि त्यात तरंगणारी प्रथिनं. आज कॉलेजात शिकवतात ते हेच चित्र. पण पुस्तकातल्या कितीतरी आकृत्यांमध्ये कोलेस्टेरॉल दाखवलेलंच नसतं, किंवा एखादा पिवळा ठिपका कोपऱ्यात, आणि त्यामुळे मुलांना ते पहिल्यांदा भेटतं ते थेट हार्ट अटॅकच्या धड्यात.

आणि हा सगळा शोध सुरू झाला तोही आम्ही रोज हाताळतो त्या तांबड्या पेशींवरूनच. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, आत दुसरी कुठली पटलं नाहीत, त्यामुळे जेवढा मेद निघेल तो सगळा बाहेरच्या पटलाचाच. १९२५ साली हॉलंडमध्ये लायडनला गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी कुत्रा, मेंढी, ससा, शेळी, माणूस अशा वेगवेगळ्या रक्तांतल्या पेशी घेतल्या, ॲसिटोनने त्यांचा मेद काढला, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर पसरवून त्याचं क्षेत्रफळ मोजलं, ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट आलं, म्हणजे थर दोन! नंतर कळलं की ॲसिटोनने मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर निघालं. पाण्यावर थर पसरून मोजायची युक्ती मात्र त्याहून जुनी, जर्मनीत ब्राउनश्वाइगला ॲग्नेस पॉकेल्स नावाच्या बाईंनी घरच्या घरी बसवलेली, कॉलेजचं शिक्षण नव्हतं मिळालं त्यांना. त्यांनी इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने सगळं कळवलं, रॅलेंनी ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाच्या संपादकांकडे पाठवलं आणि १८९१ मध्ये ते इंग्रजीत भाषांतर होऊन छापून आलं. मला ही गोष्ट फार आवडते.

पटल फाटलं की काय होतं ते आम्ही जवळजवळ रोज बघतो. रक्त घेताना सिरिंज जोरात ओढली किंवा सुई न काढता दाबून ट्यूबमध्ये सोडलं की पेशी फुटतात, सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रातून, ट्यूब बाहेर काढली की वर पिवळसर पाण्यासारखं सिरम दिसायच्या ऐवजी लालसर दिसतं, मग आम्ही 'हिमोलाइज झालंय, परत घ्या' म्हणतो आणि पेशंट वैतागतो. त्या लाल सिरमचं पोटॅशियम लावलं तर उगाच वाढलेलं येतं, कारण पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसेक पटीने जास्त असतं, पटलातले पंप सतत आत ओढत असतात आणि सोडियम बाहेर फेकत असतात. पाच-सात नॅनोमीटरचं पटल शाबूत आहे तोवर हा फरक टिकतो, फाटलं की संपलं. आणि अशा पटलाची ती पेशी ७-८ मायक्रॉनची, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांमधून वाकून घुसत जवळजवळ १२० दिवस शरीरभर फिरते.

आता कोलेस्टेरॉल जास्त झालं तर पटलाचं काय होतं, तेही स्लाइडवर दिसतं. लिव्हर फार खराब झालेल्या पेशंटचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, कधीकधी येतो, लीशमनच्या रंगाने रंगवून मायक्रोस्कोपच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली लावला की गोल गुळगुळीत पेशींच्या जागी वेडेवाकडे काटे आलेल्या पेशी दिसतात, काही लांब काही आखूड, सारखे नाहीत. यांना स्पर सेल म्हणतात. तांबडी पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवू शकत नाही, भोवतालच्या प्लाझ्माशी, म्हणजे रक्तातल्या द्रवाशी, देवाणघेवाण करते, त्यामुळे लिव्हर बिघडून रक्तातल्या मेदांचा तोल गेला की पटलात कोलेस्टेरॉल भरत जातं, पटल ताठ होतं, वाकत नाही, आणि प्लीहेच्या अरुंद फटींतून जाताना पेशी अडकून फुटतात, मग ॲनिमिया. उलट दुसऱ्या टोकाला काही बाळं अशी जन्मतात की त्यांच्या शरीरात कोलेस्टेरॉल बनवण्याची शेवटची पायरीच नीट चालत नाही, स्मिथ-लेम्ली-ऑपिट्झ सिंड्रोम म्हणतात, डोकं लहान, वाढ कमी, बुद्धीवर परिणाम. म्हणजे जास्तही नको आणि कमीही नको. याला विष म्हणायचं का?

आता लगेच दुसऱ्या बाजूचे लोक उठतील म्हणून सांगते, कारण व्हॉट्सॲपवर तसलेही फॉरवर्ड फिरताहेत, की कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच तर ते कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांची लूट, फेकून द्या. अजिबात असं करू नका. रक्तात एलडीएल, रिपोर्टवर ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढलेलं राहिलं की ते धमनीच्या अस्तराखाली शिरतं, तिथल्या पेशी ते खाऊन फुगतात, धमनीत मेदाचा थर साचायची सुरुवात तिथे होते, आणि स्टॅटिनमुळे हार्ट अटॅक कमी होतात हे पक्कं आहे. माझं म्हणणं एवढंच की हेसुद्धा पटल समजलं तरच नीट समजतं. एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हे, तो कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण आहे, वरून फॉस्फोलिपिडचा एकेरी थर, आत कोलेस्टेरॉल भरलेलं, भोवती एक मोठं प्रथिन गुंडाळलेलं. तो रक्तातून काढून घ्यायचं काम लिव्हरच्या पेशींच्या पटलावर बसलेला एक रिसेप्टर, म्हणजे तो कण पकडणारं प्रथिन, करतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल यावरच मिळालं. ज्या मुलांना आई-बाप दोघांकडून या रिसेप्टरचा बिघडलेला जीन येतो त्यांना लहान वयातच हृदयविकार होतो, काहीही न चुकता, काहीही जास्त न खाता. आणि स्टॅटिन काय करतं, तर लिव्हरच्या पेशीतलं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करतं, पेशीला आतल्या पटलात कोलेस्टेरॉल कमी पडतंय हे कळतं, मग ती बाहेरच्या पटलावर जास्त रिसेप्टर काढते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेते. म्हणजे गोळीचा परिणाम होतो तोसुद्धा पटलाच्या मार्फत. हे एकदा समजलं की मनाने गोळी बंद करणारेही थांबतील आणि झिरो करायला निघालेलेही थांबतील.

२०२१ चा मे महिना आठवा. कोविडनंतर काळी बुरशी आली, म्युकर, आणि अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर लोक वणवण फिरत होते, तुमच्या पेपरात रोज पहिल्या पानावर बातमी असायची. ते इंजेक्शन बुरशीला मारतं कसं? बुरशीच्या पटलात कोलेस्टेरॉलच्या जागी त्याचा भाऊबंद असतो, एर्गोस्टेरॉल, अँफोटेरिसिन त्याला धरतं आणि बुरशीचं पटल निकामी होतं. पण भाऊबंदच असल्यामुळे ते आपल्या कोलेस्टेरॉललाही थोडंफार धरतं, म्हणून साध्या अँफोटेरिसिनने किडनीला त्रास होतो. मग उपाय म्हणून ते औषध लायपोसोममध्ये भरलं, लायपोसोम म्हणजे पेशीपटलासारख्याच दुहेरी थराचा बारीक गोळा, फॉस्फोलिपिड आणि चक्क कोलेस्टेरॉल घालून बनवलेला, त्याने किडनीचा त्रास बराच कमी झाला. आपल्या देशात असं लायपोसोमवालं अँफोटेरिसिन तयार करण्याचं काम दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईचं केईएम हॉस्पिटल यांनी मिळून केलेलं आहे, कोविडच्या कितीतरी आधी. गजकर्णावर लावायचं क्लोट्रिमॅझोलचं साधं क्रीमसुद्धा एर्गोस्टेरॉल बनणं थांबवूनच काम करतं. त्या दिवसांत इतकी पानं छापली गेली, तेव्हा हे चार ओळींत कुठे आलं असतं तर ज्याला विष म्हणतो तेच कोलेस्टेरॉल त्या बाटलीतल्या औषधात घालावं लागतं हे लोकांना कळलं असतं.

अजून एक, जाहिरातीबद्दल. त्याच पानाशेजारी तेलाची जाहिरात होती, 'कोलेस्टेरॉल फ्री'. कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, झाडांच्या पटलात वेगळी स्टेरॉल असतात, त्यामुळे शेंगदाणा करडई सूर्यफूल सगळीच तेलं फ्री. खोबरेलही फ्री, पण त्यात संपृक्त मेद भरपूर आणि त्याने एलडीएल वाढतं, कारण संपृक्त मेद जास्त खाल्ले की लिव्हरचे ते रिसेप्टर कमी काम करतात. वनस्पती तूपसुद्धा कोलेस्टेरॉल फ्रीच होतं की! आणि त्यातल्या ट्रान्स फॅटने एलडीएल वाढतं आणि चांगलं एचडीएल कमी होतं, शेवटी २०२२ पासून एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. उलट एका अंड्याच्या बलकात २०० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल आहे, आणि शरीर स्वतः रोज त्याच्या कितीतरी पट बनवतं, आणि बहुतेकांमध्ये बाहेरून जास्त आलं तर आतलं बनवणं कमी करतं. काही लोकांना तरीही अंड्याने फरक पडतो, शुगर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं, पण घाबरून घरातल्या सगळ्यांची अंडी बंद करायचं कारण नाही. जाहिरात तुम्ही नाकारू शकत नसाल ते समजतं, पण तुमच्या स्वतःच्या चौकटीत तेलासमोर 'कोलेस्टेरॉल शून्य' हा गुण म्हणून छापला होता तो तरी काढायला हवा.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत अर्धं पान पेशीपटलाला द्या. कार्डिओलॉजिस्टबरोबर एखाद्या बायोकेमिस्ट्रीच्या शिक्षकांकडूनही लिहून घ्या, जिल्ह्याच्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात ते असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. पटलाची आकृती छापाल तेव्हा तिच्यात कोलेस्टेरॉल नावानिशी दाखवा, फॉस्फोलिपिडच्या शेजारी, जेवढं असतं तेवढं. 'विष' शब्दाबद्दल छोटा खुलासा टाका. आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाची साय काढू नका हे मोठ्या अक्षरात, ते सगळ्यात आधी. फोटो हवे असतील तर आमच्या सरांची परवानगी घेऊन ठेवलीय, पेशंटचं नाव-गाव काहीही नसलेले स्लाइडचे फोटो आहेत, नॉर्मल पेशींचाही आणि स्पर सेलचाही, तुम्ही ईमेल कळवलात की लगेच पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन, नाशिक